मांड ढिली पडली बघा

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची एक दोरी आहे, ती मी रोज पहाटे पावणेसहाला खाली बांधते, त्यासाठी भिंतीत दोन हूक वेगळे मारून घेतलेत, आणि मग त्या दोरीखाली कराटेतल्या किबा दाचीत उभी राहते. दोरी डोक्याला लागेल न लागेल इतकीच वर. कारण काय होतं, पाय थकले की माणूस आपोआप वर येतो, आधी बोटभर, मग दोन बोटं, मग चार, आणि त्याचं त्याला कळतही नाही, मनात तो अजून तेवढाच खाली बसलेला असतो. दोरी केसांना लागली की कळतं. गेल्या रविवारी पाच मिनिटं झाली आणि दोरी एकदाच लागली, चौथ्या मिनिटाला. दीड वर्षापूर्वी माझी चाळीस सेकंदं पण होत नव्हती. मधल्या काळात पायांचं काय झालं ते थोडक्यात सांगता येईल पण मनाचं काय झालं ते मला नीट लिहून काढायचंय, कारण मला या विषयावर मराठीत फारसं कुठे वाचायला मिळालं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किबा दाची म्हणजे घोडेस्वाराची बैठक, कराटेतली. आम्ही शोतोकान करतो, ती कराटेची एक शैली. दोन्ही पायांत खांद्याच्या साधारण दुप्पट अंतर, पावलं एकमेकांना समांतर, बोटं सरळ समोर, गुडघे पावलांच्या रेषेत बाहेर दाबलेले, पाठ ताठ, वजन निम्मं-निम्मं. चायनीज कुंग फूमध्ये हिचीच बहीण म्हणजे मा बू. आणि आपल्याकडे मर्दानी खेळात पवित्रे आहेतच. पवित्रा हा शब्द आता आपण फक्त बातम्यांत ऐकतो, अमुक नेत्याचा आक्रमक पवित्रा वगैरे, पण मुळात तो पायांचा शब्द आहे, लाठी किंवा पट्टा फिरवताना पाय कुठे आणि कसा पडतो त्याचा. हे मला आमच्या सरांनी सांगितलं. सर कोल्हापूरचे, लहानपणी तालमीत वाढलेले, त्यामुळे ते क्लासमध्ये जपानी नावं घेतात पण चूक दाखवताना कोल्हापुरी बोलतात. किबा दाचीत कुणी सैल झालं की मागून आवाज येतो, "मांड ढिली पडली बघा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एवढं आवडलं! घोड्यावर पक्की मांड, मांड ठोकून बसणं, हे आपण बोलतो की, पण मांड म्हणजे नक्की काय ते मला त्या दिवशी मांड्यांमध्ये कळलं. सर म्हणाले, "ताई, घोडं उधळलं तरी वरचा हलत न्हाई, ती मांड."

मी कराटेत आले लेकीमुळे. तिला क्लासला सोडायचं आणि दीड तास बाहेर पायरीवर बसून मोबाइल बघायचा, असं वर्षभर केलं, मग एक दिवस वाटलं की आत जाऊन उभं राहिलं तर काय बिघडतं. तेव्हा मी ३९ ची होते. तो क्लास वेगळा होता, हे सर नव्हते. तिथे किबा दाची ही शिक्षा होती. सगळ्यांनी बसायचं, जो आधी उठेल त्याला वीस पुशअप्स आणि सगळ्या वर्गासमोर नाव. मुलं काय शिकायची तर शिक्षक पाठमोरे झाले की वर यायचं आणि वळले की खाली जायचं. आणि मी काय शिकले तर दात आवळायचे, श्वास धरायचा आणि गुडघे आत पडले तरी उठायचं नाही. मला वाटायचं ह्यालाच मनाची ताकद म्हणतात. चार महिन्यांत उजवा गुडघा जिना उतरताना दुखायला लागला, मग सुजला, मग जवळजवळ सहा महिने सगळं बंद. फिजिओथेरपिस्टने समोर उभं करून फक्त अर्धी बैठक मारायला लावली आणि आरशात दाखवलं की माझा गुडघा अंगठ्याच्याही आत जातोय. एवढी साधी गोष्ट, आणि चार महिन्यांत मला ती कुणी दाखवली नव्हती. त्याचा राग मला आजही येतो, माझ्यासाठी कमी, त्या मुलांसाठी जास्त, कारण त्यातल्या कितीतरी मुलांना कायमचं वाटून गेलं असेल की एका जागी स्थिर उभं राहणं म्हणजे अपमान.

आता ते दुखतं का हे समजून घेतल्यावर मला फार फरक पडला म्हणून सांगते. आपण बैठका मारतो तेव्हा स्नायू आवळतो, सुटतो, आवळतो, सुटतो, पंपासारखं, त्यात रक्त येतं-जातं. किबा दाचीत स्नायू आवळलेलाच राहतो. आवळलेल्या स्नायूच्या आतला दाब वाढतो, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, आणि काम तर चालूच असतं, मग तिथे जे साचतं त्याची आग होते. पायांना इजा होत नसते, तुंबलेलं असतं. थरथर सुटते तीही तशीच, थकलेले तंतू सुटतात आणि दुसरे कामाला लागतात, ती पाळी बदलताना जो गोंधळ होतो तो आपल्याला थरथर म्हणून दिसतो. मी आधी थरथर सुटली की घाबरायचे, आता पाय पडणार असं वाटायचं. आता थरथर आली की मला कळतं की दुसरी पाळी कामावर आलीय.

आणि तरीसुद्धा, एवढं सगळं समजलं तरी, मन उठतंच. पाय उठायच्या खूप आधी उठतं. हे मी वहीत पकडलं. नवीन क्लासला आल्यावर सरांनी वही ठेवायला लावली होती, तारीख, किती वेळ, गुडघा ठीक की नाही, एवढंच. तेव्हा मी मोबाइलचा टायमर समोर खुर्चीवर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत उभी राहायचे. पस्तीस. छत्तीस. छत्तीस आणि सदतीसच्या मध्ये एवढा वेळ असतो हे मला माहीत नव्हतं. दीड मिनिटाचा टायमर लावला तर सव्वा मिनिटाला पाय सुटायचे, दोन मिनिटांचा लावला तर पावणेदोनला. म्हणजे बघा ना, तेच पाय, पण दोनचा टायमर लावल्यावर त्यांना दीड मिनिट सहज जमतंय. म्हणजे पाय ठरवतच नव्हते, मी शेवटापासून उलटं मोजत होते आणि शेवट जवळ आला की मन चपला घालून दारात उभं. सरांना सांगितलं तर त्यांनी मोबाइल उचलून पालथा ठेवला. म्हणाले, किती वेळ ते मी बघतो, तुम्ही काय बघायचं ते ठरवा.

काय बघायचं. हा प्रश्न माझ्यासोबत पुढे वर्षभर राहिला.

पहिलं म्हणजे मी पाढे म्हणायला लागले. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी सगळं येत होतं, मला औटकी नाही येत पण तीसपर्यंतचे पाढे त्यांनी चोप देऊन करून घेतलेत आणि एकोणतीसचा पाढा हा त्यातला राक्षस. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, सोळोदरसे (म्हणजे एकशे सोळा). हे म्हणताना दुसरं काही सुचत नाही कारण जरा लक्ष हललं की चुकतं. आणि खरंच, पाढ्यांनी मला दोन मिनिटांच्या पलीकडे नेलं. पहिल्या मिनिटात तर पाढ्यांसारखं काही नाही. पण एक अडचण येते, आग वाढली की पाढे तुटतात. एका टोकाला आकडे आणि दुसऱ्या टोकाला पाय, अशी ओढाताण सुरू होते आणि पाय जिंकतात, कारण पाय ओरडत असतात आणि पाढे आपण ओढून आणलेले असतात. शिवाय पाढ्यात मन असलं की गुडघा कधी आत पडला ते कळत नाही, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

मग एकदा मला इगतपुरी आठवलं. दहाएक वर्षांपूर्वी मी धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं. तिथे चौथ्या दिवसानंतर दिवसातून तीनदा एक-एक तास अधिष्ठान असतं, म्हणजे तासभर हात उघडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. तिथे शिकवतात की दुखण्यापासून पळू नका, जिथे दुखतंय तिथे जाऊन बघा ते नक्की काय आहे, कुठून सुरू होतंय, कुठे संपतंय, गरम आहे की दाब आहे की नुसतं धडधडतंय. तेव्हा मी मांडी घालून बसलेले होते आणि त्याचा कराटेशी संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं. पण आता पहाटे दोरीखाली उभी असताना मी तेच करून बघितलं. पायांकडे बघायचं. आणि बघताना त्याला मराठीत नाव द्यायचं.

हे जरा सविस्तर लिहिते कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. आपण म्हणतो "पाय दुखतायत". हा एकच शब्द, आणि तो आला की मनाला एकच उत्तर सुचतं, उठ. पण आपल्या भाषेत दुखण्याला किती नावं आहेत, आपल्या आज्या रोज ती वापरायच्या. किबा दाचीत बसलं की आधी अर्धं मिनिट काहीच नाही. मग मांड्या भरून येतात, जड होतात, पाणी भरलेल्या पिशवीसारख्या. मग रग लागते, गुडघ्याच्या वर, बाहेरच्या बाजूने. मग जळजळ, ती मात्र आतल्या बाजूने सुरू होते, जांघेकडून, आणि माझी नेहमी डावीकडे आधी. मग थरथर. मग पोटऱ्यांना कधीकधी गोळा यायला बघतो. तळपायाला मुंग्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आंबलेले. ही सगळी वेगवेगळी आहेत! रग आणि जळजळ यांत मला पूर्वी फरकच माहीत नव्हता. आता उभी राहिले की मी मनातल्या मनात म्हणत जाते, भरून आलं, डावीकडे रग, रग वर सरकली, आता जळजळ, डावी, उजवी अजून नाही, उजवी आली. आणि गंमत म्हणजे (गंमत नाही, मला तर ते मोठं वाटतं) जळजळ सारखी वाढत जात नाही. ती लाटेसारखी येते, चढते, उतरते, थोडी थांबते, परत चढते. टायमर बघत होते तेव्हा हे मला कधीच दिसलं नव्हतं, कारण पहिली लाट चढली की मी उठत होते. दुसरी लाट पहिलीएवढीच असते आणि तिच्यामागे उतार असतो. हे एकदा स्वतः बघितलं की मग कुणी धीर द्यावा लागत नाही.

आणि त्या यादीत दोन शब्द मुद्दाम बाजूला ठेवलेत, चमक आणि कळ. गुडघ्याच्या वाटीखाली चमक निघाली, किंवा सांध्याच्या आत टोचल्यासारखी कळ आली, तर त्याच क्षणी उठायचं. तिथे मनाची ताकद वगैरे काही नाही. जळजळ मांडीच्या मधोमध असते, पसरट असते आणि उठल्यावर मिनिटभरात ओसरते. चमक बारीक असते, एका ठिकाणी असते, धारदार असते आणि उठल्यावरही मागे राहते. हा फरक त्या पहिल्या क्लासात मला माहीत असता तर सहा महिने घरी बसावं लागलं नसतं. माझ्या लेकीला मी हे दोन शब्द सगळ्यात आधी शिकवले.

वहीतली अजून एक गोष्ट. मी अकाउंट्समध्ये काम करते, लोअर परळला ऑफिस आहे. पाचसहा महिन्यांच्या नोंदी एकदा सलग वाचत होते तर दर महिन्याला १७-१८ पासून २० तारखेपर्यंत वेळ कमी झालेला. अडीच मिनिटं होत असतील तर त्या दिवसांत पावणेदोन. झोप ठीक, जेवण ठीक, गुडघा ठीक. आणि मग लक्षात आलं की २० ला जीएसटीचं रिटर्न भरायचं असतं. ते तीन-चार दिवस मी दहा-दहा तास आकडे जुळवत असते, शरीराने तर खुर्चीवरच बसलेली असते. क्लास संध्याकाळी साडेसातला, म्हणजे पाय ताजेतवाने, डोकं पिळून निघालेलं. नंतर याबद्दल वाचलं तर २००९ मध्ये वेल्समध्ये सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला होता, १६ जणांना एकदा ९० मिनिटं कॉम्प्युटरवर डोकं शिणवणारं काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ नुसत्या डॉक्युमेंटरी दाखवल्या, आणि दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल मारायला लावली. डोकं शिणलेलं असताना सरासरी १० मिनिटं ४० सेकंद, नसताना १२ मिनिटं ३४ सेकंद. हृदय, फुप्फुसं यांच्या मोजमापात तसा काही फरक नाही. फरक एवढाच की डोकं शिणल्यावर तीच सायकल त्यांना सुरुवातीपासूनच जास्त जड वाटत होती. मला हे वाचून एवढं हलकं वाटलं! मी त्या दिवसांत स्वतःला आळशी म्हणायचे. आता १७ ते २० मी क्लासला जाते पण लांब बसायचा प्रयत्न करत नाही, छोटे छोटे सेट करते, आणि रोजचा सराव संध्याकाळवरून पहाटेवर आणला तोही ह्यामुळेच. पहाटे डोकं कोरं असतं.

श्वासाबद्दल थोडं. धरायचा नाही, बस. धरला की ब्लड प्रेशर एकदम चढतं, एका जागी आवळून धरायच्या व्यायामात ते तसंही चढतंच, म्हणून ज्यांना बीपी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, माझ्या आईला मी हौसेने करायला लावणार होते पण आधी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी तिला फक्त भिंतीला पाठ टेकून थोडंसं, तेही श्वास चालू ठेवून, एवढंच सांगितलं. मी नाकाने घेते आणि सोडताना जरा लांबवते. लाट चढतीय असं वाटलं की त्या चढणीवर एक लांब श्वास सोडायचा. श्वास मोजायचे असतील तर एक ते दहा, आणि परत एक. शंभराकडे मोजत गेलं की परत तो टायमरच झाला.

नजरेचं मात्र मला खूप दिवस जमलं नाही. डोळे फिरले की मन फिरतं, हे सगळेच सांगतात. मी गॅलरीच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक टिकली चिकटवली, लाल, आणि तिच्याकडे बघत उभी राहायला लागले. आठवड्याभराने लक्षात आलं की मी टिकलीकडे बघताना कपाळ आवळतेय, जबडा आवळतेय, खांदे कानाला लागतायत. म्हणजे मांड्या कमी पडतायत म्हणून काय की, मी चेहऱ्यानेही किबा दाची करत होते. सरांनी सांगितलं, जपानीत एन्झान नो मेत्सुके म्हणतात, लांबच्या डोंगराकडे बघितल्यासारखी नजर, म्हणजे समोर एक जागा असते पण आजूबाजूचं सगळंही दिसत असतं. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, सहाव्या मजल्यावर, पाऊस सरल्यावर हवा धुतलेली असते तेव्हा गॅलरीतून मलंगगड दिसतो. मी टिकली काढली आणि उलट्या बाजूला तोंड करून मलंगगडाकडे बघायला लागले. डिसेंबरात धुरकं असतं, गड दिसत नाही, पण तो कुठे आहे ते डोळ्यांना माहीत झालंय. जबडा सुटला, खांदे उतरले, आणि मी खरं सांगते, त्या आठवड्यात वीस सेकंदं वाढली, पायांसाठी वेगळं काहीही न करता.

आणि सरांची एक सूचना. आधीच्या क्लासात "गुडघे बाहेर, गुडघे बाहेर" असं ओरडायचे. गुडघे बाहेर काढायला गेलं की पाठ वाकते, पाठ सरळ करायला गेलं की ढुंगण मागे जातं, एक धरलं की दुसरं सुटतं. हे सर म्हणतात, पायाखाली चादर अंथरलीय असं समजा आणि दोन्ही पावलांनी ती दोन बाजूंना ताणा, सुरकुती राहू देऊ नका. करून बघा. पावलं जागची हलत नाहीत पण गुडघे आपोआप बाहेर जातात, पावलांच्या बाहेरच्या कडा जमिनीला चिकटतात, कमरेखाली सगळं एकत्र धरल्यासारखं होतं. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या संशोधक बाईंनी ह्यावर खूप काम केलंय, की तोल सांभाळताना लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या एखाद्या गोष्टीवर ठेवलं की हालचाल जास्त चांगली होते. म्हणजे मांड लावताना चादर, आणि मांड लागल्यावर आत काय होतंय ते बघायला रग, जळजळ, लाट. ही दोन कामं वेगळी आहेत हे समजायला मला बरेच महिने लागले.

वाढवायचं कसं, तर अगदी हळू. मी ४५ सेकंदांचे चार सेट करायचे, मध्ये एक मिनिट चालायचं, आणि जमलं तर आठवड्याला दहा सेकंदं वाढवायची, नाही जमलं तर तिथेच राहायचं. आठवड्यातून एकदाच, रविवारी, एकच लांब सेट. बाकी दिवस कधीही शेवटापर्यंत ताणायचं नाही, अजून थोडं जमलं असतं असं वाटताना उठायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दोरी खाली बांधायला हात आपणहून जातो. आणि खोली कमी चालेल पण सुटता कामा नये. मांड्या जमिनीला समांतर वगैरे फोटोत छान दिसतं, माझ्या गुडघ्याला ते मानवत नाही आणि मी ते सोडून दिलंय.

लोकलमध्ये रोज जाता-येता जवळजवळ दोन तास उभी असते, तिथेही थोडं होतं. बसत नाही कुणी घोड्यावर तिथे, हँडल धरलेलंच असतं, पण गुडघे किंचित सैल, वजन दोन्ही पायांवर सारखं, आणि मुंब्र्याच्या वळणाला गाडी झुकते तेव्हा तळपायाखाली वजन कुठून कुठे जातं ते बघायचं. अंगठ्याखाली, करंगळीखाली, टाचेखाली. एवढंच. पण मोबाइल पर्समध्ये ठेवून एवढंच बघत मुलुंडपर्यंत जाणं सोपं नाहीये.

हे सगळं मी तेक्की शोदानसाठी करतेय. पुढच्या ग्रेडिंगला ब्राउन बेल्टसाठी मला तो काता द्यायचाय, काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. तेक्की म्हणजे लोखंडी घोडा, आणि अख्खा काता किबा दाचीत आहे, एका सरळ रेषेत, उजवीकडे सरकायचं, डावीकडे सरकायचं, पुढे-मागे एक पाऊलही नाही. ओकिनावात त्याचं नाव नाइहांची, जपानच्या मुख्य भूमीवर आणल्यावर शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशींनी त्याला तेक्की केलं. १८६८ चा त्यांचा जन्म, १९२२ मध्ये टोकियोला जाऊन त्यांनी कराटे दाखवलं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. तीन तेक्की काता शिकण्यात त्यांनी दहा वर्षं घालवली असं त्यांनी स्वतः लिहिलंय. आणि त्यांचीच एक आठवण आहे तरुणपणीची, ओकिनावात मोठं वादळ आलेलं, लोक घरात दडलेले, आणि हे घराच्या छपरावर चढून किबा दाचीत उभे, हातात जमिनीवर अंथरायची तातामी चटई वाऱ्याच्या समोर धरलेली. वाऱ्याने खाली चिखलात पाडलं, सगळं अंग चिखलाने माखलं, परत चढले. मी काही छपरावर जाणार नाहीये आणि कुणी जाऊही नये, पण पावसाळ्यात गॅलरीत वारा सुटला आणि दोरी हलायला लागली की मला ती चटई आठवते.

तेक्कीत आमच्याकडे २९ हालचाली मोजतात. एकोणतीस! ज्या दिवशी हे मोजलं त्या दिवशी मला आजोबांची इतकी आठवण आली की मी फोन करून माझ्या भावाला सांगितलं. त्यात नामिगाएशी नावाची एक गोष्ट आहे, परतणारी लाट. किबा दाचीत बसलेलं असताना एक पाऊल झटकन वर, दुसऱ्या मांडीच्या दिशेने उचलायचं आणि होतं तिथेच परत ठेवायचं. तेवढा वेळ सगळं वजन एका पायावर, आणि शरीर ना वर जाता कामा, ना बाजूला. पहिल्या दिवशी मी पाय उचलला की अख्खी कलंडायचे, पाय आपटत खाली यायचा, धप्प. सर म्हणाले, तुम्ही पाय उचलायच्या आधीच मनाने दुसऱ्या पायावर उडी मारताय. आणि खरंच, तेच तर होतं, टायमरसारखंच, जे अजून आलं नाही तिकडे मन आधीच पोचलेलं. मग मी परत दोरीखाली गेले. अडीच मिनिटं नुसतं बसायचं, जळजळीची पहिली लाट येऊ द्यायची, ती उतरू द्यायची, आणि मग एक नामिगाएशी. दोरी हलली नाही पाहिजे. मग परत बसायचं. ताज्या पायांनी शंभरदा उचलून जे जमलं नाही ते थकलेल्या पायांनी सकाळी सहादा करून महिन्याभरात जमायला लागलं, कारण थकलेल्या पायांना घाई करायला ताकदच नसते.

गेल्या गुरुवारी क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून तेक्की केला, मी, माझी लेक, आणि बाकी बारा-चौदा वर्षांची पोरं. पालिकेच्या शाळेचा हॉल, शहाबादी फरशी, पंखा बंद, घामाने फरशीवर पावलांचे ओले ठसे उमटलेले. एका रेषेत सरकायचं असल्यामुळे ते ठसेही एका रेषेत. कियाई, म्हणजे शेवटची आरोळी, झाला, आणि सरांनी यामे, म्हणजे थांबा, म्हटलंच नाही. सगळे तसेच बसलेले. मग सर आमच्या मागून चालायला लागले, सावकाश, एकेकाच्या मागे थांबत. डावी जळजळली, उजवी आली, चढली, उतरली. ते माझ्या मागे थांबले ते मला पाठीला कळलं. मी चादर ताणली. ते पुढे गेले, आणि दोन जण सोडून आवाज आला, "मांड ढिली पडली बघा," आणि तो माझ्या लेकीला होता.

घरी येताना रिक्षात ती गप्प होती. मग म्हणाली, आई, उद्या पहाटे मला पण उठव. आता ती माझ्यापेक्षा तीन बोटं उंच झालीय, माझी दोरी तिच्या कपाळावर येईल. तिच्यासाठी वर अजून दोन हूक मारायला लागतील, शेजारच्या काकांकडे ड्रिल आहे, उद्या ऑफिसला निघायच्या आधी मागून ठेवते.